विश्लेषण : दारू सोडायचे ठरवले, पण जायचे कुठे? माहूरसारख्या तालुक्यातून आधारगटापर्यंत कसे पोहोचावे?

दारू कुठे मिळते, हे तालुक्यातल्या कुणालाही पत्ता विचारून शोधावे लागत नाही. सोडायची म्हटले, की मात्र पहिला प्रश्न पत्त्याचाच येतो. माळ घातली, देवीची शपथ घेतली, चार माणसांसमोर कबूल केले आणि तरी महिनाभरात बाटली परत हातात आली, की घरचे म्हणतात, ‘याची नियतच नाही’. अनेकदा अडचण नियतीची नसते. दारू सोडण्याचा एक दिवस सगळ्यांनी मिळून पार पाडलेला असतो. पुढचे ३६४ दिवस त्या माणसाला एकट्याने काढायचे असतात. आधारगट लागतो तो या उरलेल्या दिवसांसाठी. तो कसा चालतो, त्याचा उपयोग किती, तिथे जाण्याआधी कोणती खबरदारी घ्यायची आणि जवळ गट नसेल तर काय करायचे, याचा हा आढावा.

हा प्रश्न आत्ता का?

राज्य मंत्रिमंडळाने १० जून २०२५ रोजी मद्यावरील उत्पादन शुल्कात मोठी वाढ मंजूर केली. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क निर्मिती खर्चाच्या तिपटीवरून साडेचार पटीवर गेले. देशी मद्यावरचे शुल्क प्रति प्रूफ लिटर १८० रुपयांवरून २०५ रुपये झाले. धान्यापासून बनणाऱ्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ या नव्या प्रकारालाही मान्यता मिळाली. या सगळ्यातून तिजोरीत वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपयांची भर पडेल, असा सरकारचा अंदाज आहे.

या निर्णयानंतर देशी दारूच्या १८० मिलिलिटरच्या बाटलीची, म्हणजे ‘क्वार्टर’ची, किमान किंमत ८० रुपये झाली. रोज एक क्वार्टर धरली तर वर्षाचे २९ हजार २०० रुपये होतात. मनरेगाची महाराष्ट्रातली २०२५-२६ सालची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. भागाकार केला तर जवळपास ९४ दिवसांची मजुरी नुसत्या क्वार्टरमध्ये जाते. मनरेगाची हमी होती १०० दिवसांची.

दर वाढले की समाजातला एकूण खप कमी होतो, हे खरे. पण ज्याच्या शरीराला दारूची सवय जडली आहे, तो दर वाढल्यावर बहुधा किराण्याच्या पैशांत काटछाट करतो, नाहीतर मोहाच्या किंवा गुळाच्या हातभट्टीकडे वळतो. त्यामुळे करातून येणाऱ्या पैशाची चर्चा होत असताना दुसरा प्रश्नही विचारायला हवा : ज्याला थांबायचे आहे, त्याने जायचे कुठे?

उपचारापर्यंत किती जण पोहोचतात?

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक, म्हणजे सुमारे १६ कोटी भारतीय, मद्य घेतात. त्यापैकी ५.७ कोटी लोकांना त्यामुळे त्रास होतो किंवा ते त्यावर पूर्ण अवलंबून आहेत आणि त्यांना मदतीची गरज आहे.

याच अहवालातला आणखी एक आकडा महत्त्वाचा आहे. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी फक्त एकाला कुठला तरी उपचार मिळाला होता. रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळालेला माणूस १८० जणांत एक. हे देशाचे सरासरी चित्र. माहूर नांदेड जिल्ह्याच्या एका टोकाला, पैनगंगेच्या काठावर आहे. जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरहून लांब. तिथल्या वाडी-तांड्यावरच्या मजुराला नांदेडला जाऊन यायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, वर एसटीचे भाडे लागते.

आधारगट म्हणजे काय? व्यसनमुक्ती केंद्र आणि गट यात फरक काय?

बोलताना तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने ओळखल्या जातात. त्या वेगळ्या केल्या, की पुढचे निर्णय सोपे होतात.

पहिली गोष्ट, शरीरातले विष उतरवणे, म्हणजे डिटॉक्स. हे डॉक्टरांचे काम. त्याला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात.

दुसरी, निवासी व्यसनमुक्ती केंद्र. तिथे काही आठवडे राहून समुपदेशन, दिनक्रम, कुटुंबाशी संवाद यावर काम होते.

तिसरी, आधारगट. इथे ना डॉक्टर असतो, ना खाट, ना बिल. दारूचा त्रास भोगलेली आणि आता न पिता जगणारी माणसे ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी एकत्र बसतात आणि आपापला अनुभव सांगतात. हे काम वर्षानुवर्षे चालते.

इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचे तर पहिल्या दोन गोष्टी म्हणजे मशीनची दुरुस्ती, तिसरी म्हणजे मेन्टेनन्स. आपल्याकडे घरदार विकून दुरुस्ती केली जाते आणि मेन्टेनन्स विसरला जातो.

या गटांची सुरुवात कशी झाली?

सर्वांत जुना आणि सर्वदूर पसरलेला गट म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजेच ‘एए’. न्यूयॉर्कचे शेअर दलाल बिल विल्सन मे १९३५ मध्ये कामानिमित्त अमेरिकेतल्या ॲक्रन या गावी गेले होते. दारू सोडून त्यांना जेमतेम पाच महिने झाले होते. ज्या व्यवहारासाठी गेले तो फिसकटला. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार होता, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. ते टेलिफोनकडे गेले आणि त्यांनी अनोळखी लोकांना फोन लावून विचारायला सुरुवात केली : मला बोलायला गावातला एखादा दारूने गांजलेला माणूस भेटेल का?

त्या फोनमुळे त्यांची भेट झाली डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी. पंधरा मिनिटे बसायचे ठरवून आलेले डॉक्टर काही तास बसले. उपदेश करणारे त्यांना खूप भेटले होते. स्वतःची कहाणी सांगणारा, तोच आजार असलेला माणूस पहिल्यांदा भेटला होता. १० जून १९३५ रोजी डॉ. बॉब यांनी शेवटचा प्याला घेतला. तोच दिवस एएचा स्थापनादिन मानला जातो. आज सुमारे १८० देशांत एएचे गट आहेत. भारतात हे काम १९५७ मध्ये मुंबईत सुरू झाले.

महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभव काय सांगतो?

पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. लेखक-पत्रकार डॉ. अनिल अवचट यांनी ब्राउन शुगरच्या विळख्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी आर्थिक मदत देऊ केली. येरवडा मनोरुग्णालयात काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी केंद्र उभे केले. तिथे औषधोपचाराच्या बरोबरीने गटात बोलणे, केंद्रातून बाहेर पडल्यावरचा पाठपुरावा आणि बऱ्या झालेल्या मित्रांनीच नव्यांना हात देणे यावर भर राहिला. पत्नींसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गटही तिथे चालतो.

दुसरा अनुभव गडचिरोलीचा. तिथे १९९३ पासून दारूबंदी आहे. तरीही २०१६ मध्ये डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकाराने ‘मुक्तिपथ’ अभियान सुरू करावे लागले आणि त्यात तालुक्याच्या ठिकाणी व्यसन उपचार क्लिनिक उघडण्यात आली. बंदीमुळे बाटली लांब जाते. ज्याला आधीच व्यसन लागले आहे त्याला उपचार लागतोच. माहूरसारख्या तालुक्याने यातून एक गोष्ट घ्यावी : रुग्णाला जिल्ह्याच्या गावी बोलावण्यापेक्षा उपचार तालुक्यात न्यावा लागतो.

पहिल्या मीटिंगमध्ये काय होते?

नवख्या माणसाला सर्वांत जास्त भीती याचीच असते. प्रत्यक्षात बैठक अगदी साधी असते. शाळेची खोली, दवाखान्याचा कोपरा, चर्चचा किंवा समाजमंदिराचा हॉल. दहा-बारा खुर्च्या किंवा सतरंजी. वेळ साधारण एक ते दीड तास.

* दारात नाव-गाव लिहायचे रजिस्टर नसते. आधार कार्ड, फोटो, फॉर्म काही लागत नाही. फक्त पहिले नाव सांगितले तरी चालते.

* एक जण बैठक चालवतो. तो साहेब किंवा अध्यक्ष नसतो. त्याचाही तोच आजार असतो आणि पुढे ही जबाबदारी दुसऱ्याकडे जाते.

* जो बोलतो तो आपले पहिले नाव सांगून ‘मी मद्यपी आहे’ असे म्हणतो आणि स्वतःविषयीच बोलतो : काय झाले, कसे थांबलो, आज काय चालले आहे. मध्येच तोडणे, सल्ला देणे, वाद घालणे हे बसत नाही.

* पहिल्या दिवशी बोललेच पाहिजे असे नाही. ‘आज फक्त ऐकतो’ म्हटले तरी पुरते.

* शेवटी एक पिशवी किंवा डबा फिरतो. चहा आणि जागेच्या खर्चासाठी ज्याला जमेल तो दहा-वीस रुपये टाकतो. नवख्याने काही टाकावे अशी अपेक्षा नसते. गट बाहेरून देणगी घेत नाहीत, सरकारकडूनही नाही आणि पुढाऱ्याकडूनही नाही.

बैठका दोन प्रकारच्या असतात. ‘खुल्या’ बैठकीला घरचे, मित्र, विद्यार्थी, पत्रकार कुणीही बसू शकतात. ‘बंद’ बैठक फक्त दारूचा त्रास असणाऱ्यांसाठी असते. पहिल्यांदा भावाला किंवा बायकोला सोबत घेऊन जायचे असेल, तर आधी फोन करून खुली बैठक कधी आहे ते विचारावे.

बैठक संपल्यावरची दहा मिनिटे सर्वांत महत्त्वाची. तेव्हा दोघा-तिघांचे फोन नंबर घेता येतात. हे नंबर पहिला घोट घेण्याआधी लावायचे असतात, घेतल्यावर नाही. पुढे नियमित यायला लागल्यावर एखाद्या जुन्या सदस्याला ‘स्पॉन्सर’ होण्याची विनंती करता येते. स्पॉन्सर म्हणजे बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमात सोबत करणारा, अडीअडचणीला रात्री फोन उचलणारा माणूस.

‘आयुष्यभर पिणार नाही’ अशी शपथ इथे कुणी घ्यायला लावत नाही. आज, फक्त आजचा दिवस घ्यायची नाही, एवढेच. ज्याने पाच वेळा देवाची शपथ मोडली आहे आणि त्या अपराधी भावनेतूनच परत प्यायला बसला आहे, त्याला हा फरक लगेच कळतो.

तिथे जाण्यासाठी धर्म, भक्ती लागते का?

नाही. दारू सोडण्याची इच्छा, एवढीच सदस्यत्वाची अट आहे. बारा पायऱ्यांमध्ये आपल्यापेक्षा मोठ्या शक्तीचा उल्लेख येतो, पण ती शक्ती कोणती हे ज्याचे त्याने ठरवायचे. कुणासाठी ती रेणुकामाता असेल, कुणासाठी अल्लाह, कुणासाठी बुद्धाची शिकवण किंवा सेवालाल महाराज. कुणासाठी समोर बसलेला गट हीच ती शक्ती. देव न मानणारेही गटात असतात. माळ घातलेल्याने माळ उतरवून यावे असेही नाही. माळ किंवा नवस हा निश्चय झाला; तो टिकवायला जी रोजची सोबत लागते ती गटात मिळते. दोन्ही एकत्र चालू शकतात.

गावात नाव फुटले तर?

माहूर हे यात्रेचे गाव, तरी वस्ती लहान. कोण कुणाच्या दारात गेला, हे संध्याकाळपर्यंत कळते. पिताना सगळ्या गावाने पाहिलेले असते, पण सोडायला जाताना कुणी पाहू नये असे वाटते. ही लाज खोटी नाही. मुलीचे लग्न, मुलाची नोकरी, उधारी, सगळे तिच्याशी जोडलेले असते.

‘ॲनॉनिमस’ या शब्दाचा अर्थच निनावी. इथे कुणाला पाहिले आणि काय ऐकले हे बाहेर सांगायचे नाही, हा गटाचा पाया आहे. तरीही धास्ती वाटत असेल, तर आपल्या गावातली बैठक टाळून दुसऱ्या गावातली निवडता येते. एरवी अडचण वाटणारे अंतर इथे आडोसा ठरते. माहूरच्या माणसाने बाजाराच्या दिवशी किनवटला किंवा पुसदला जाणे कुणाला वावगे वाटत नाही.

याचा खरेच उपयोग होतो का?

कोक्रेन या संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १० हजार ५६५ व्यक्तींची माहिती एकत्र तपासण्यात आली. एएशी जोडून देणाऱ्या पद्धतशीर उपचारांनंतर वर्षभराने पूर्ण दारूमुक्त असलेल्यांचे प्रमाण ४२ टक्के होते. इतर मान्य मानसोपचार पद्धतींमध्ये ते ३५ टक्के होते. यातले बहुतेक अभ्यास पाश्चात्त्य देशांतले आहेत, हे लक्षात ठेवायला हवे.

हा आकडा दोन बाजूंनी वाचावा. फुकट मिळणारी ही मदत महागड्या उपचारांच्या तोडीस तोड आहे, ही एक बाजू. दुसरी म्हणजे वर्षभरानंतर निम्म्याहून अधिक लोक पूर्ण दारूमुक्त नव्हते. म्हणजे गट हा जादूचा ताईत नाही. कुणाला गट मानवतो, कुणाला समुपदेशन, कुणाला औषध. बऱ्याच जणांना तिन्ही लागतात.

ज्यांचे पिणे वाढले आहे पण शरीर अजून पूर्ण अवलंबून नाही, त्यांच्यासाठी शेजारच्या गोव्यातला प्रयोग मोलाचा आहे. ‘संगाथ’ संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून मोजक्या भेटी घडवून आणल्या. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के पुरुषांचे पिणे धोक्याच्या पातळीखाली आले. न मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. म्हणजे तज्ज्ञ नसलेल्या ठिकाणीही काम होऊ शकते.

उद्यापासून एकदम बंद करून गटात जावे का?

रोज पिणाऱ्याने असे करू नये. या लेखातली सर्वांत महत्त्वाची सूचना हीच आहे. अनेक वर्षे रोज, विशेषतः सकाळपासून पिणाऱ्या माणसाने अचानक दारू थांबवली तर जिवाला धोका होऊ शकतो. पहिल्या काही तासांत हात थरथरणे, घाम, मळमळ, झोप उडणे सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काहींना भास होतात, माणसे ओळखू येत नाहीत, ताप चढतो. याला घरच्यांनी ‘बाहेरची बाधा’ समजून अंगारा-धुपाऱ्यात वेळ घालवला, तर माणूस दगावू शकतो.

सकाळी उठल्यावर हात थरथरतात आणि घोट घेतल्यावर थांबतात, आधी कधी दारू थांबवताना आकडी आली होती किंवा भास झाले होते, यापैकी काहीही असेल तर आधी डॉक्टर, मग गट. डॉक्टर काही दिवसांसाठी गोळ्या देतात, ‘बी-१’ जीवनसत्त्व देतात. गरज असल्यास दाखल करून घेतात. हे आठ-दहा दिवस निघाले, की गटाचा रस्ता मोकळा.

माहूरहून नेमके कसे निघायचे?

१) पहिला फोन. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती मोफत, चोवीस तास आणि मराठीतही आहे. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा वेगळा टोल-फ्री क्रमांक १४४४६ आहे. बोलताना गाव, तालुका आणि किती वर्षे, रोज किती पिणे आहे हे खरे सांगावे. ‘जवळचे उपचार केंद्र कुठले आणि तिथे मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या दिवशी असतात,’ असा नेमका प्रश्न विचारावा.

२) सरकारी दवाखाना. माहूरचे ग्रामीण रुग्णालय किंवा किनवटचे उपजिल्हा रुग्णालय इथून सुरुवात करावी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक कधी येते, याची चौकशी करावी. गावातल्या आशाताईंना विचारले तरी दिशा मिळते.

३) मोठे रुग्णालय. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. पण माहूरकरांनी जिल्ह्याच्या हद्दीत अडकू नये. पैनगंगेपलीकडे यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय माहूरला नांदेडपेक्षा जवळ पडते. सरकारी रुग्णालयात दुसऱ्या जिल्ह्याचा म्हणून उपचार नाकारले जात नाहीत.

४) गटाचा पत्ता. एएच्या भारतातील सेवा कार्यालयाच्या संकेतस्थळावर हेल्पलाइन आणि बैठकांची माहिती मिळते. फोन करून ‘नांदेड, यवतमाळ, पुसद, किनवट या भागात कुठला गट, कोणत्या वारी बसतो,’ असे विचारावे. निघण्यापूर्वी स्थानिक सदस्याशी बोलून वेळ पक्की करावी, कारण जागा आणि वार बदलत असतात. रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक आणि समुपदेशक यांनाही गटांची माहिती असते.

५) परतीची एसटी. लहान गोष्ट, पण इथेच अनेकांचे जाणे तुटते. बैठक संध्याकाळी असेल आणि शेवटची गाडी आधीच निघणार असेल, तर स्टँडवर रात्र काढायची वेळ येते. आणि स्टँडच्या आसपास काय असते हे सगळ्यांना ठाऊक आहे. दुपारची किंवा रविवारची बैठक निवडावी, नाहीतर सोबत कुणाला घ्यावे.

जवळपास गटच नसेल तर?

दोन मार्ग आहेत. पहिला मोबाइलचा. करोनाकाळात बैठका ऑनलाइन झाल्या आणि त्यातल्या अनेक पुढेही चालू राहिल्या. कॅमेरा बंद ठेवून, इअरफोन लावून, शेताच्या बांधावर बसूनही ऐकता येते. महिलांसाठी तर हा मार्ग फारच उपयोगी. ‘एम्स’च्या सर्वेक्षणात पुरुषांत मद्य घेणाऱ्यांचे प्रमाण २७.३ टक्के, तर महिलांत १.६ टक्के होते. संख्या कमी म्हणूनच त्यांची लाज मोठी आणि सोय थोडी. पुरुषांनी भरलेल्या खोलीत एकटीने जाण्यापेक्षा महिलांची ऑनलाइन बैठक शोधणे सोपे जाते. मुक्तांगणमध्येही महिलांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे.

सुरुवातीला रोज एक याप्रमाणे ९० दिवसांत ९० बैठका करण्याचा प्रघात गटांमध्ये आहे. माहूरहून प्रत्यक्ष जाऊन ते शक्य नाही. पण आठवड्यातून एक प्रत्यक्ष आणि उरलेल्या दिवशी ऑनलाइन बैठक किंवा सदस्याला एक फोन, असे गणित बसवता येते.

दुसरा मार्ग स्वतः गट सुरू करण्याचा. एएच्या परंपरेनुसार दारूमुक्त राहण्यासाठी दोन-तीन मद्यपी एकत्र बसले की तो गट झाला. नोंदणी, इमारत, निधी, उद्घाटन काही लागत नाही. जवळच्या शहरातल्या जुन्या सदस्यांना कळवले, तर ते पुस्तिका देतात आणि सुरुवातीला येऊन बसतात.

घरच्यांनी काय करावे?

सर्वांत आधी, औषध चोरून देऊ नये. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर आणि मोबाइलवर सर्रास दिसतात. डायसल्फिराम नावाचे औषध घेतल्यावर दारू प्यायली, तर शरीरात ॲसिटाल्डिहाइड साचते. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळू शकतो. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णाला सगळे सांगून, त्याच्या संमतीनेच देतात. भाजीत कालवून दिले तर जीव जाऊ शकतो. निनावी चूर्ण किंवा थेंबांत काय मिसळले आहे, हे तर घरच्यांना कळतही नाही.

दुसरे, स्वतःसाठी मदत घ्यावी. कुटुंबीयांसाठी ‘अल-ॲनॉन’ हे वेगळे गट १९५१ पासून आहेत. नवरा यायला तयार नसला तरी बायको, आई किंवा वडील तिथे जाऊ शकतात. त्याची उधारी आपण भागवायची का, कामावर त्याच्यासाठी खोटे कारण सांगायचे का, रात्री वाद घालायचा का, अशा रोजच्या प्रश्नांवर तेच भोगलेल्या बायकांचे अनुभव तिथे ऐकायला मिळतात. मारहाण होत असेल तर मात्र गटाची वाट न पाहता पोलिसांच्या ११२ किंवा महिलांसाठीच्या १८१ क्रमांकावर मदत मागावी.

निवासी केंद्र निवडताना काय पाहावे?

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक आजारांनाही लागू होतो. कुणालाही साखळीने बांधून ठेवण्यास हा कायदा सक्त मनाई करतो. पैसे भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत : केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का? डॉक्टर किती वेळा येतात? घरच्यांना भेटू आणि फोनवर बोलू देतात का? घरी परतल्यावर पाठपुरावा कसा आहे? ‘गाडी पाठवतो, उचलून नेतो, तुम्ही फक्त पैसे भरा,’ असे म्हणणाऱ्यापासून लांब राहावे. शंभर टक्के हमी देणाऱ्यापासूनही.

पुन्हा प्यायली तर सगळे संपले का?

नाही. व्यसन हा उलटणारा आजार आहे. मधुमेहात साखर पुन्हा वाढावी तसा. गटात याला घसरण म्हणतात. घसरलेल्या माणसाला पुढच्या बैठकीत परत यायला सांगितले जाते, हिशेब मागितला जात नाही. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळा जपायच्या, हा जुन्या सदस्यांचा सल्ला. त्यात आपल्याकडच्या आणखी काही वेळा जोडायला हव्यात : मजुरी हातात पडण्याचा दिवस, पोळ्याचा दुसरा दिवस, लग्नाची वरात, कापूस विकून परत येतानाची संध्याकाळ. त्या दिवशी फोन कुणाला करायचा, हे आधीच ठरलेले असावे.

पुढे काय?

सरकारच्या बाजूने मागणी मोठी नाही. तालुक्याच्या रुग्णालयात आठवड्यातून एक ठरलेला दिवस व्यसन उपचाराचा, संध्याकाळी बैठकीसाठी एक रिकामी खोली आणि दर्शनी भागात हेल्पलाइनचा फलक. वर्षाला १४ हजार कोटींची जादा कमाई अपेक्षिणाऱ्या राज्याला हा खर्च जड नाही. गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ने तालुका क्लिनिक उभी करून दाखवली आहेत.

तोवर माहूरमधल्या माणसाकडे १४४१६ आणि १४४४६ हे दोन फोन नंबर आहेत, नदीपलीकडचे आणि अलीकडचे दवाखाने आहेत आणि मोबाइलवरची बैठक आहे. गावात याच वाटेने चाललेला आणखी एक जण भेटला, तर बसायला दोन खुर्च्या पुरतात. ॲक्रनमध्येही पहिल्या दिवशी दोघेच होते.